रेपोला (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याला) लायसन्स कुठलं लावायचं, आणि नंतर बदलायचं झालं तर?

गिटहबवर कोड पब्लिक केला की तो ओपन सोर्स झाला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं हो. लायसन्सची फाईलच नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, लोक कोड बघतील, तिथल्या तिथे फोर्क (स्वतःची कॉपी) करतील, पण स्वतःच्या कामात वापरायची परवानगी त्यांना मिळत नाही.

निवडताना आधी एवढंच ठरवा, कोणी आपला कोड उचलून बंद प्रॉडक्टमध्ये टाकला तर चालेल का? चालत असेल तर एमआयटी किंवा अपाची २.०. मी अपाची घेतो, कारण पेटंटचं त्यात स्पष्ट लिहिलंय, एमआयटीत पेटंटचा उल्लेखच नाही. चालत नसेल तर जीपीएल, म्हणजे त्यावर बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना त्याचा सोर्सही द्यायची सक्ती. आणि सर्व्हरवर चालणारी गोष्ट असेल तर एजीपीएल, कारण जीपीएलची सक्ती सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं की लागते, कोणी बदल करून नुसतं स्वतःच्या वेबसाईटवर चालवलं तर सोर्स मागता येत नाही. डिपेंडन्सी, म्हणजे तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्यांचा जो कोड वापरतो तोपण बघून घ्या, अपाची २.० चा कोड फक्त जीपीएल २ असलेल्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही, जीपीएल ३ मध्ये बसतो. स्वतःचं लायसन्स लिहायच्या फंदात मात्र पडू नका, प्लीज.

आता बदलायचं. खरी डोकेदुखी इथे आहे, कारण ज्याने पॅच (कोडमधला बदल) पाठवला त्याच्या ओळींचा हक्क त्याचाच असतो, प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचा नाही. एमआयटीवरून जीपीएलला जाणं सोपं, जुनी नोटीस तशीच ठेवायची आणि पुढचं काम जीपीएलखाली करायचं. उलट जायचं तर सगळ्यांचा होकार लागतो. गिट शॉर्टलॉग ही कमांड मारून योगदान देणाऱ्यांची यादी काढा, एक इश्यू उघडा आणि प्रत्येकाकडून "माझं आजवरचं योगदान अमुक लायसन्सखाली द्यायला मी तयार आहे" असं लेखी घ्या. कोणी गप्प बसला म्हणजे तो हो म्हणाला असं नाही. कोणी नोकरीच्या वेळात लिहिलं असेल तर हक्क त्याच्या कंपनीचा असू शकतो, तेही विचारा. जो सापडतच नाही किंवा नाही म्हणतो त्याचा कोड काढून नव्याने लिहायचा, त्याचाच कोड समोर ठेवून नाही! ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी २०२१ मध्ये ३.० व्हर्जनला अपाचीवर आली, त्याआधी जुन्या लोकांना शोधण्यात वर्षं गेली. सुरुवातीलाच सीएलए (योगदान देणाऱ्याशी हक्कांबद्दलचा करार) घेतलं असेल तर हे वाचतं, पण सीएलए दिसलं की काही जण पॅचच पाठवत नाहीत.

आणि जुन्या व्हर्जनवर दिलेली परवानगी परत घेता येत नाही. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी (एमआयटीसारखंच मोकळं लायसन्स) सोडलं तेव्हा लोकांनी आधीचा कोड घेऊन वाल्की हा वेगळा प्रोजेक्ट काढला.

सगळे होकार आले की लायसन्स फाईल, पॅकेजचा मेटाडेटा, प्रत्येक सोर्स फाईलवरची एसपीडीएक्सची (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी) ओळ हे सगळं एकाच कमिटमध्ये बदला, आणि कुठल्या व्हर्जनपासून नवीन लायसन्स ते चेंजलॉगमध्ये वरच लिहा.