विझीविग: पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये असतं, असं धरून चालू नका

मागे आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची जुळणी मी घरच्या कॉम्प्युटरवर, वर्डमध्ये केली होती. बरोबर ४० पानं, प्रत्येक लेख नव्या पानावर. छापखान्यात तीच फाइल उघडली तर पानं ४३ झाली. फोटो एका पानावर आणि त्याच्या ओळी दुसऱ्यावर. मी वापरलेला फाँट तिथल्या मशीनवर नव्हता, म्हणून वर्डने गुपचूप दुसरा लावला होता. अक्षरांची रुंदी बदलली, ओळी वाढल्या आणि पुढचं सगळं घसरत गेलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे: विझीविग. 'व्हॉट यू सी इज व्हॉट यू गेट' या वाक्यातल्या शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो झाला. म्हणजे, जे दिसतं तेच मिळतं. १९७४ मध्ये अमेरिकेत पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर, केला, तो या जातीचा पहिला मानला जातो. त्याआधी ठळक अक्षर हवं तर मजकुरात खुणेचा कोड लिहायचा आणि कागद बाहेर आल्यावरच ते कसं दिसतं हे कळायचं. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर तर हे वचन अगदी मोजून पाळलेलं होतं: पडद्यावर इंचाला ७२ ठिपके आणि सोबतच्या इमेजरायटर प्रिंटरवर १४४, म्हणजे नेमके दुप्पट.

शब्द वापरताना एक लक्षात ठेवा. विझीविग हे कुठल्या सॉफ्टवेअरचं नाव नाही, तो एडिटरचा प्रकार आहे. वर्ड विझीविग आहे. लाटेक हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर तसं नाही, कारण तिथे कोड लिहून मग पान तयार करावं लागतं.

स्पेसबार आणि एंटरने मांडणी करू नका

स्मरणिकेसाठी आलेल्या एका लेखात लेखकाचं नाव उजव्या कडेला नेलं होतं, तेही १७ वेळा स्पेसबार दाबून. नवं पान हवं म्हणून ९ एंटर. पडद्यावर दोन्ही अगदी जागच्या जागी. फाँटचा आकार एका अंकाने वाढवला आणि नाव दोन ओळींत तुटलं. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, की स्पेसचे सगळे ठिपके आणि एंटरच्या परिच्छेद-खुणा उघड्या पडतात. कुणाचीही फाइल हातात आली की मी आधी हेच करते. उजवीकडे न्यायचं तर राइट अलाइन, नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर.

शीर्षकाचंही तसंच. अक्षरं मोठी आणि ठळक केली म्हणजे वाचणाऱ्याला ते शीर्षक वाटतं, वर्डला नाही. मग अनुक्रमणिका आपोआप काढायला जावं तर ती रिकामी येते. हेडिंगची स्टाइल लावा.

फाँटचा घोळ टाळायला छापखान्यात पीडीएफ द्या. देण्यापूर्वी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी उघडून प्रत्येकापुढे 'एम्बेडेड' (म्हणजे फाँट फाइलमध्येच बसवलेला) लिहिलंय ना, ते बघा.

मराठीत हा धोका जास्त

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट काढला की खालचा कचरा दिसतो. कितीतरी संस्थांचे जुने अंक असे अडकून पडलेत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच राहतात.

युनिकोडमध्येही फसगत होते. 'ॲप'मधला ॲ हे एकच अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं. काही कीबोर्ड अजून अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडतात. 'सुऱ्या'मधला ऱ्या सुद्धा दोन रीतींनी टाइप होतो. डोळ्याला फरक कळत नाही, पण फाइलमध्ये शब्द शोधला तर निम्मेच सापडतात. संपादनाच्या सुरुवातीलाच एक रूप ठरवा आणि शोधा-बदला वापरून सगळीकडे तेच करून घ्या.

वर्डमधून वेबसाइटच्या एडिटरमध्ये पेस्ट करतानाही वर्डचा अदृश्य कोड सोबत येतो आणि मधलाच एखादा परिच्छेद वेगळ्या फाँटमध्ये उमटतो. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर पेस्ट करा, हेडिंग नंतर लावा. आणि प्रकाशित करण्याआधी मोबाइलवर बघाच. तिथे तुमचा पडदा नसतो.

काळी पट्टी म्हणजे खोडलेलं नव्हे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते. आधार क्रमांक किंवा फोन नंबर झाकायला पीडीएफवर काळा चौकोन ओढतात. नंबर दिसत नाही, पण चौकोनाखाली तो जसाच्या तसा असतो. वर्डमध्ये क्रॉप केलेल्या फोटोचंही तसंच, कापलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो. त्यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेला भाग काढून टाका. नंबर असेल तर मूळ फाइलमधून पुसा आणि पीडीएफ नव्याने बनवा. पाठवण्याआधी ती उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून सगळं नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नंबर तिथे उमटला, तर फाइल अजून पाठवण्याजोगी झालेली नाही.