मारवा ऐका, मग पेन उचला

कथा अडली की मी संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर जाऊन बसते. सोबत वही, हेडफोन आणि सरोदवरचा मारवा. हा संधिप्रकाशाचा राग. यात पंचम, म्हणजे ‘प’ नाही, रिषभ, म्हणजे ‘रे’ कोमल, आणि वादक षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर विसावणं लांबवत राहतो. घर समोर दिसतंय, पण पाय पोचत नाहीत, अशी हुरहुर लागते. माझ्या कथेतली बाई तीन आठवडे माहेरच्या दारात उभी होती. तिला आत न्यायचंच नाही, हे मला मारव्यानं सुचवलं.

तुम्हीही करून बघा. सुरुवातीला वादनच निवडा. गाण्यातले शब्द आपल्या शब्दांना ढकलतात. पहिली दहा मिनिटं पेनला हात लावू नका. आलापात, म्हणजे तबल्याआधीच्या संथ सुरांत, काहीतरी दिसेलच: ओला जिना, बंद पडलेला कूलर, कुणाची तरी पाठ. तिथून सुरू करा आणि वीस मिनिटं न खोडता लिहा.

नंतर संगीत बंद करून मोठ्यानं वाचा. वाक्यं एकाच लांबीची वाटली, तर मांडीवर झपताल धरा. मात्रा, म्हणजे ठोके दहा, पण त्यांचे खंड दोन-तीन-दोन-तीन. आखूड, जरा लांब, पुन्हा आखूड. वाक्यंही तशी तोडून पाहा.

शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष मैफल ऐका. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात तबला जुळवतानाची शांतताही मी वहीत टिपून ठेवते.