ओढ्याची प्रकृती कशी तपासावी

ओढ्याचे पाणी नितळ दिसले की तो निरोगी आहे असे आपण धरून चालतो आणि ते गढूळ दिसले की त्याला नावे ठेवतो. परंतु ही परीक्षा अनेकदा चुकते. पहिल्या पावसाने लाल झालेला सह्याद्रीतील ओढा जिवंत असू शकतो, आणि कीटकनाशक उतरल्याने आतले जीव मेलेला ओढा तळ दिसेल इतका स्वच्छ असू शकतो. म्हणून तपासणीचा मुख्य आधार तळाशी राहणारे लहान जीव हाच असावा. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणापुरतीच साक्ष देते. रात्री कोणी सांडपाण्याचा टँकर रिकामा केला असेल, तर सकाळी ते पाणी पुढे निघून गेलेले असते. दगडाखालच्या अळ्या मात्र तेथेच आठवडे, काही जाती तर महिनोन्महिने वाढत असतात आणि मधल्या काळात जे जे वाहून आले ते त्यांनी सोसलेले असते.

महाराष्ट्रात यासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचा, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. पुरात तळाचे जीव वाहून जातात आणि उन्हाळ्यात अनेक ओढे डबक्यांपुरते उरतात, त्यामुळे त्या दिवसांतल्या नोंदी फसव्या ठरतात. एकाच ठिकाणी पाहून निष्कर्ष काढू नये. पुण्याची राम नदी खाटपेवाडीच्या बाजूने निघते आणि भूगाव, बावधन, पाषाण असे करत औंधजवळ मुळेला मिळते. अशा प्रवाहावर उगमाकडचे एक, वस्ती सुरू होण्याआधीचे एक आणि वस्तीखालचे एक, अशी किमान तीन ठिकाणे निवडावीत. तुलना सारख्याची सारख्याशीच करावी: खळाळत्या उथळ पाण्याची खळाळत्या पाण्याशी आणि डोहाची डोहाशी.

पाण्यात उतरण्यापूर्वी काठ पाहावा. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज यांची सावली पाण्यावर आहे का, की काठ सपाट करून तेथे काँक्रीटची भिंत उभी केली आहे? गळालेली पाने हे ओढ्यातील अनेक जीवांचे अन्न असते आणि सावलीमुळे पाणी थंड राहते, त्यामुळे काठाची झाडे तोडणे हीदेखील ओढ्याला झालेली इजा म्हणूनच नोंदवावी. नंतर तळाचे गोटे हलवून पाहावेत. ते मोकळे असतील तर त्यांच्या फटींत जीवांना घर मिळते. वाळू व मातीत अर्ध्याहून अधिक रुतले असतील, तर वरच्या बाजूस खोदकाम किंवा डोंगरउतारावरील झाडतोड झाली आहे का, याचा शोध घ्यावा.

रासायनिक मोजणीत तापमान, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) आणि विरघळलेला ऑक्सिजन पुरेसा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव व मत्स्यपालनासाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ६.५ ते ८.५ सामू अपेक्षित आहे. मोजणीची वेळ मात्र सांभाळावी. सांडपाण्यावर पोसलेले हिरवे शेवाळ दिवसा भरपूर ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारचा आकडा उत्तम दिसतो. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरतात व पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. खरा आकडा हवा असेल तर उजाडण्याच्या सुमारास मोजावे.

आता मुख्य काम. सुमारे अर्धा मिलिमीटर भोकांची जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूस धरावी, तिच्यापुढील तळ तीन मिनिटे पायाने ढवळावा आणि जाळीत आलेले सर्व काही पाणी भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतावे. काही गोटे हाताने उचलून त्यांची खालची बाजूही पाहावी. भिंगाखाली पाण्यात वाढून पुढे उडणाऱ्या तीन कीटकगटांची पिल्ले शोधावीत: पोटाच्या कडेला कल्ले असलेली, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले; दोन शेपट्यांची, थंड व खळाळत्या पाण्यातच टिकणारी स्टोनफ्लायची पिल्ले; आणि वाळूच्या कणांचे किंवा पानांच्या तुकड्यांचे घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. हे तीन गट एकत्र आढळले तर ओढा चांगल्या स्थितीत आहे असे मानण्यास मोठा आधार मिळतो. चतुर व टाचणीची पिल्ले, खेकडे आणि पाणभुंगेरे मध्यम स्थितीतही तग धरतात. केवळ रक्तासारख्या लाल अळ्या, गाळात वळवळणारे बारीक गांडूळवर्गीय जीव आणि जळवा एवढेच सापडत असेल, तर सांडपाण्यासारखे सेंद्रिय प्रदूषण बहुधा जास्त आहे.

प्रत्येक गटाला सहनशीलतेनुसार १ ते १० गुण (नाजूक गटाला जास्त) देऊन सरासरी काढण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुळली आणि केंद्रीय मंडळानेही तिच्यावर आधारित निकष भारतासाठी स्वीकारले. त्यात ७ ते १० सरासरी म्हणजे स्वच्छ पाणी आणि २ च्या खाली म्हणजे तीव्र प्रदूषण. गुण देताना घाई करू नये, कारण सारे मेफ्लाय सारखे नाजूक नसतात. त्यांतील काही कुळे बरेच प्रदूषण सोसतात, म्हणून कुळापर्यंत ओळख पटवणे श्रेयस्कर. शिवाय एकाच जातीची प्रचंड गर्दी हे आरोग्याचे लक्षण नव्हे. किती प्रकार सापडले, हे किती जीव सापडले याहून महत्त्वाचे. चिलापी, गप्पी, जलपर्णी यांसारखे परके रहिवासीही वेगळे नोंदवावेत.

नोंद संपताच जीव पाण्यात सोडावेत आणि गोटे जागच्या जागी, पूर्वीच्याच बाजूने ठेवावेत. सांडपाण्याची शंका असेल तेथे गमबूट व हातमोजे वापरावेत. पायाला जखम असताना तर पाण्यात उतरूच नये. अभयारण्यात नमुने घेण्यापूर्वी वनविभागाची परवानगी आवश्यक आहे.

दोन ठिकाणांच्या गुणांत मोठी तफावत आढळली, तर त्या दोहोंमधला काठ दोन्ही बाजूंनी पायी चालून पाहावा. पाइप, नाला, राडारोड्याचा भराव किंवा धुण्याची जागा दिसेल तेथील छायाचित्र, दिनांक आणि वेळ नोंदवून ते ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्जासोबत द्यावे, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, तीच जाळी घेऊन पुन्हा मोजावे.