रेटिंग स्पर्धेला निघण्याआधी: आधी गट, मग बॅग

मे महिना लागला की मालवणातल्या माझ्या बुद्धिबळाच्या वर्गात पालकांचा एकच प्रश्न असतो: "सर, ह्याला कुठल्या गटात घालू?" पोर किती चांगलं खेळतं यावर ते ठरत नाही. ते ठरतं स्पर्धेच्या परिपत्रकातल्या एका ओळीवर, म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

परिपत्रक छापून घ्या. गटासाठी कुठल्या तारखेच्या यादीतलं रेटिंग (डावांच्या निकालांवरून मिळणारा आकडा) धरणार, ती ओळ शोधा आणि तिच्याखाली रेघ मारा. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, नवी यादी दर महिन्याच्या 1 तारखेला लागते. एन्ट्री एप्रिलमध्ये भरली आणि स्पर्धा मेच्या पहिल्या आठवड्यात असली, तर मधे एक यादी येते. काही आयोजक एन्ट्रीच्या दिवशीचं रेटिंग धरतात, काही पहिल्या फेरीच्या दिवशीचं. मुलांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो, कारण 18 वर्षांखालच्या आणि 2300 च्या आतल्या खेळाडूंचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 आहे. बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं की 20 गुण वाढतात. 1540 चा मुलगा असे तीन डाव जिंकला की झाला 1600, आणि '1600 खालील' गट म्हणजे 1599 पर्यंतच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. एन्ट्री भरली तेव्हा तो 1540 होता, स्पर्धेला पोचलो तेव्हा 1611. पंचांनी परिपत्रक पुढे केलं, ओळ स्पष्ट लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. "सर, माका आता खेळूक गावाचा नाय?" असं त्याने विचारलं तेव्हा त्याच्या हातात स्कोअरशीट होतं, त्यावर त्याने आधीच आपलं नाव लिहून ठेवलं होतं. खुल्या गटात जागा मिळाली म्हणून खेळला. तेव्हापासून एन्ट्रीच्या आधी एकदा आणि 1 तारखेला पुन्हा एकदा, असं दोनदा मी प्रत्येकाचं फिडेचं पान उघडून बघतो. तुम्हीही बघा. मागच्या स्पर्धेचा हिशेब अजून यादीत चढलेला नसेल, तर तो येत्या यादीत येईल असं धरून चाला.

जुनं रेटिंग पाठ असेल तर ते विसरा. 1 मार्च 2024 ला फिडेने 2000 च्या आतली सगळी रेटिंगं एकदाच वर उचलली: 2000 ला जेवढे कमी, त्याच्या चाळीस टक्के भर. 1123 चा खेळाडू 1474 झाला. रेटिंगची खालची मर्यादाही 1000 वरून 1400 वर गेली. त्यामुळे घरात फाइलला लावलेल्या जुन्या प्रमाणपत्रावरचा आकडा फॉर्मात भरू नका. क्लासिकल (संथ), रॅपिड (जलद) आणि ब्लिट्झ (अतिजलद) डावांची ही तीन वेगळी रेटिंगं आहेत. रॅपिड स्पर्धेत गटासाठी यातलं कुठलं धरणार, हेही परिपत्रकातच बघा.

मूल अनरेटेड, म्हणजे अजून रेटिंग न मिळालेलं, असेल तर खालच्या गटात बहुधा घेतात, पण मुख्य बक्षिसांसाठी पात्र आहे का ते वेगळं विचारा. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. त्यात 1800 च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी धरून हिशेब होतो. समोरच्या पाच जणांची सरासरी 1500 असेल आणि मुलाने 2 गुण केले, तर रेटिंग साधारण 1536 येतं. अर्धाच गुण केला तर आकडा 1400 च्या खाली जातो आणि मूल अनरेटेडच राहतं. म्हणून पहिल्याच स्पर्धेत रेटिंग मिळायलाच हवं, असा धोशा पोरामागे लावू नका. बायचा (जोडी न लागल्याने फेरीत न खेळता मिळालेला) किंवा समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेला गुण रेटिंगसाठी धरत नाहीत.

वयोगटासाठी 1 जानेवारी ही तारीख. 2025 च्या 11 वर्षांखालील गटाला 1 जानेवारी 2014 किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. आपल्या वर्षाचा हिशेब तसाच करा. जन्मदाखला, आधार आणि फिडे आयडी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी स्पर्धा संपेपर्यंत चालू आहे ना, आणि तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आठवडाभर आधी तपासा. आदल्या रात्री चूक सापडून उपयोग नाही.

प्रवास आदल्या दिवशीच करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. रत्नागिरीला स्पर्धा असेल तर स्टेशन कुवारबावला आहे, तिथून शहरात यायला रिक्षाचा वेळ धरा. उशिरा पोचायची मुभा किती, ते परिपत्रकात असतं. काही ठिकाणी ती शून्य असते. बॅगेत दोन पेनं, पाण्याची बाटली आणि दोन फेऱ्यांमध्ये खायला घावणे. तेलकट नको, घड्याळाचं बटण हाताला बुळबुळीत लागतं. मोबाइल पोराच्या खिशात चुकूनही राहता कामा नये, सापडला तर डाव जातो. तो तुमच्याकडे ठेवा.

हॉलवर पोचलात की आधी सुरुवातीच्या क्रमवारीच्या यादीत मुलाचं नाव शोधा, पण त्याआधी कागदाच्या माथ्यावरचं गटाचं नाव वाचा. काही चुकलं असेल तर पहिल्या फेरीची जोडी लागण्याआधी पंचांकडे जा. मी तर प्रत्येक पोराला स्वतःचं नाव, रेटिंग आणि गट मोठ्याने वाचायला लावतो, मगच खुर्चीवर बसू देतो.