निवेदनापासून पहिल्या बिलापर्यंत : उद्योजक संघटनेनं धोरणाचा पाठपुरावा कसा करावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत उद्योजक संघटनेचं कार्यालय मी एकवीस वर्षं सांभाळलं. सभासद बहुतेक फौंड्रीवाले आणि मशीनशॉपवाले. आता माझ्या खुर्चीवर बसलेली मुलगी आणि शेजारच्या तालुक्यात नव्यानं संघटना उभी करणारी दोन-तीन मंडळी अधूनमधून फोन करतात. प्रश्न एकच असतो, "मॅडम, मंत्र्यांना निवेदन दिलंय. आता पुढं काय करायचं?" हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी आमची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मंत्र्यांच्या दौऱ्यात आम्ही चौदा मागण्यांचं निवेदन दिलं. वीजदर, पथदिवे, आतले रस्ते, अग्निशमन केंद्र, सवलतींसाठी ठरलेला तालुक्याचा वर्ग, दुसऱ्या पाळीच्या कामगारांसाठी एसटी, सगळं त्यात होतं. साहेबांनी कोपऱ्यात "तपासून सादर करावे" असा शेरा मारला, फोटो झाला, पेपरात बातमी आली. आठ महिन्यांनी जिल्ह्यातल्या एका कार्यालयाचं पत्र आम्हालाच आलं : सोबतच्या निवेदनातील मुद्द्यांबाबत आपला अभिप्राय कळवावा. सोबत आमचंच निवेदन, त्यावर सात शिक्के. चौदा मागण्या पाच-सहा खात्यांच्या होत्या, त्यामुळे ज्या ज्या टेबलावर कागद गेला तिथल्या माणसाला त्यावर स्वतःपुरतं काही लिहिताच आलं नाही. त्यानं तो पुढे ढकलला. त्या माणसांचा मला राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तेव्हापासून मी एक पद्धत धरली : एक मागणी, एक कागद, एक टेबल.

दार कोणतं, ते आधी ठरवा

"वीज स्वस्त करा" ही एक मागणी वाटते, पण त्यात तीन मागण्या दडलेल्या असतात. दर ठरवतो वीज नियामक आयोग. वीज कायदा २००३ नं तो अधिकार आयोगाला दिला आहे, त्यामुळे ऊर्जामंत्र्यांना भेटून "दर कमी करा" म्हणण्यात सभासदांचा दिवस जातो. वीज शुल्क आणि सवलत हा राज्य शासनाचा विषय. शासनाला एखाद्या भागाला किंवा वर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे ती रक्कम शासनानं आगाऊ भरावी लागते. म्हणजे वित्त विभागाचा होकार आणि अर्थसंकल्पात तरतूद हवी. आणि फिडर (वसाहतीला वीज आणणारी वाहिनी) सारखा ट्रिप होतो, भट्टीतला धातू अर्ध्यात थंड होतो, हे गाऱ्हाणं महावितरणच्या स्थानिक कार्यालयाचं. तीन दारं, तीन कागद.

२०१६ मध्ये शासनानं विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी, डी प्लस (म्हणजे उद्योगात मागे राहिलेल्या) भागांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तेव्हा आमच्याकडे फार नाराजी होती. मी तो शासन निर्णय पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यातून शिकले. तिकडच्या संघटनांनी "आम्हाला परवडत नाही" एवढंच म्हटलं नव्हतं. त्यांच्या पाठीशी १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल होता, विदर्भ-मराठवाड्याच्या विकासाची खास जबाबदारी सांगणारं घटनेचं कलम ३७१(२) होतं, आणि राज्याचं स्वतःचं जुनं तत्त्व होतं. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातून बाहेर पसरावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे, तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस हे वर्ग त्यातलेच. शासनानं आधीच मान्य केलेल्या तत्त्वात आपली मागणी बसवून दाखवली, की फाइल लिहिणाऱ्याचं अर्धं काम होतं. म्हणून मागणी लिहिण्याआधी त्या विषयावरचे मागचे तीन शासन निर्णय काढा. ते शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांकासह (प्रत्येक निर्णयाचा स्वतंत्र क्रमांक) मिळतात. त्यांची प्रस्तावना नीट वाचा, आपले शब्द तिथूनच मिळतात.

आकडे आपल्याच बिलांतून काढा

हा भाग मला सगळ्यात जवळचा. महावितरणनं आयोगापुढे दरवाढीचा प्रस्ताव ठेवला, की सभासदांकडून बारा-बारा महिन्यांची बिलं मागवायची. पहिल्या खेपेला कोणी देत नाही. धंद्याची माहिती बाहेर जाईल ही भीती खरी असते. मी सांगायचे, ग्राहक क्रमांक आणि नाव झाकून झेरॉक्स द्या, मी फक्त 'फौंड्री १, फौंड्री २' लिहीन. तरीही स्वतः गेल्याशिवाय कागद हातात पडायचे नाहीत. फौंड्रीच्या ऑफिसात बिलांची फाइल उघडली, की कडांना काळ्या वाळूची बोटं उमटलेली असायची. ती बिलं टेबलावर पसरून मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे रकाने आम्ही हातानं भरले.

त्या रकान्यांतून कळलेली एक गोष्ट उदाहरण म्हणून सांगते. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केडब्ल्यूएचऐवजी (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) केव्हीएएचवर (जाळ्यातून ओढलेली एकूण वीज) सुरू झाली. पहिलीला दुसरीनं भागलं, की येतो तो पॉवर फॅक्टर. भट्टीनं प्रत्यक्षात ९०,००० युनिट वापरले आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल, तर बिल लागतं १,००,००० केव्हीएएचचं. तोच पॉवर फॅक्टर ०.९९ असेल तर सुमारे ९०,९०९. वापर तोच, आणि नऊ हजारांवर युनिटांचा फरक. आमच्या तीन सभासदांचं बिल अचानक चढलं होतं आणि तिघंही दरवाढीला दोष देत होते. तक्ता पाहून कळलं, पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँक बिघडल्या होत्या. आधी त्या दुरुस्त करून घेतल्या, मगच उरलेली खरी दरवाढ आक्षेपात मांडली. आपल्या घरातली गळती दरवाढीच्या नावावर घातली, तर सुनावणीत वीज कंपनीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ती दाखवतो आणि खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास जातो.

सुनावणीत कसं बोलावं

दराचा प्रस्ताव आयोगानं दाखल करून घेतला, की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. हरकती किती तारखेपर्यंत, कुठे, कशा पाठवायच्या हे तिच्यात छापलेलं असतं. ती कात्री लावून फाइलला लावा आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. हरकतीत संस्थेचं नाव, पत्ता, कोणाच्या वतीनं हरकत आहे आणि प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचं आहे का, हे स्पष्ट लिहावं. प्रत वीज कंपनीलाही द्यावी आणि तिची पोच जोडावी.

हरकत लिहिण्याआधी आयोगाचा मागचा आदेश वाचा. तो जाड असतो, घाबरू नका. त्यात एक प्रकरण हरकतींचंच असतं : हरकतदार काय म्हणाले, कंपनीनं काय उत्तर दिलं, आयोगानं काय ठरवलं. आपला मुद्दा मागच्या वेळी कोणत्या कारणानं फेटाळला, ते तिथे सापडतं. यंदाची हरकत त्या कारणाचं उत्तर असली पाहिजे. आमच्याकडचे कित्येक जण दरवर्षी तोच कागद तारीख बदलून देत. मला ते पाहून वाईट वाटायचं, कारण आयोगाची मंडळी खरोखर वाचतात.

पुण्याच्या सुनावणीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या अध्यक्षांनी दहा मिनिटांचं भाषण लिहून आणलं होतं. त्यात उद्योगाचं महत्त्व, शाहू महाराजांचा वारसा, सगळं होतं. नाव पुकारलं तोवर दुपार झाली होती आणि आधीच्या वीस जणांनी उद्योगाचं महत्त्व सांगून झालं होतं. मी त्यांच्या हातात तक्त्याचं एकच पान ठेवलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, एवढंच वाचा." त्यांनी तीन ओळी वाचल्या : किती फौंड्रींची बिलं तपासली, टनामागे विजेचा खर्च किती, प्रस्तावित दरानं तो किती होईल. पीठावरून प्रश्न आला, "हे कोणत्या महिन्यांचं?" प्रश्न आला म्हणजे मुद्दा पोचला. आम्ही बिलांच्या झेरॉक्सचा गठ्ठा तिथेच सादर केला.

आदेश मान्य नसेल तर कलम १११ प्रमाणे विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येतं. लहान संघटनेनं ते एकटीनं करू नये, खर्च झेपत नाही. इथे मोठ्या चेंबरचा हात धरावा. वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली स्थापलेलं महाराष्ट्र चेंबर आहे, पुण्याचं मराठा चेंबर १९३४ पासूनचं आहे. त्यांच्याकडे वकील आहेत, अभ्यासक आहेत. आपल्याकडे बिलं आहेत. दोघांना एकमेकांची गरज असते, तेव्हा संकोच धरू नका.

मंत्रालयातली फाइल

मंत्र्यांची भेट जरूर घ्या, पण ज्याच्या लेखणीतून टिपणी उतरते त्या कक्ष अधिकाऱ्याला विसरू नका. टिपणी तिथून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर जाते, आणि पैशाचा विषय असेल तर वित्त विभागाकडे अभिप्रायाला जाते. म्हणून निवेदनासोबत एक वेगळं पान जोडा. त्यावर चार गोष्टी असाव्यात : सध्याची तरतूद आणि तिचा संकेतांक, नेमका बदल कोणत्या शब्दांत हवा, शासनावर किती भार, आणि त्यातून शासनाला व जिल्ह्याला काय परत मिळेल. भाराचा आकडा लपवू नका. तो आपण दिला नाही तर वित्त विभाग स्वतः काढतो आणि तो नेहमी जास्त निघतो, असा माझा अनुभव आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टपाल शाखेतून हलू नका. महिन्यातून एकदा त्या क्रमांकावर विचारणा करा. दोन-तीन महिने उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून फाइल कुठे आहे ते विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे हत्यार मात्र शेवटी काढावं.

वेळ पाळा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात, पण खात्यांची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपास सुरू झालेली असते. फेब्रुवारीत पळापळ करणारी शिष्टमंडळं मी खूप पाहिली.

आमदारांना कोरं निवेदन देण्यापेक्षा तारांकित प्रश्नाचा (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न) मसुदा द्या. त्या प्रश्नाला उत्तर तयार करताना खात्याला आकडे गोळा करावे लागतात आणि ते सभागृहाच्या नोंदीत येतात. मसुदा सत्ताधारी आणि विरोधी दोघांनाही द्या, आणि दोघांनाही तसं सांगा.

रस्ते, पथदिवे, गटारं, कामगारांची एसटी यांसाठी मुंबईला जायची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, जिल्हा उद्योग केंद्राकडे आठवडाभर आधी विषय लेखी द्या. बैठकीत काय बोललं गेलं याहून इतिवृत्तात काय आलं, ते महत्त्वाचं. इतिवृत्त मागून घ्या आणि पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्यातल्याच ओळीवर विचारा. आमची रात्री साडेअकराची एसटी अशीच चार बैठकांच्या चिकाटीनं सुरू झाली. दुसऱ्या पाळीला बायका कामाला यायला लागल्या त्या त्यानंतर.

दोन गोष्टी करू नका

आमच्याकडे कागल ओलांडलं की कर्नाटक. त्यामुळे "आम्ही तिकडे जाऊ" हा इशारा जिभेवर तयारच असतो. त्याची बातमी मोठी होते हे खरं. पण नंतर अधिकारी तुलनेचा तक्ता मागतात, आणि त्यात फक्त युनिटचा दर टाकलेला असेल, इंधन आकार, शुल्क, मागणी आकार काहीच नसेल, तर मान खाली घालावी लागते. आधी दोन्हीकडची पूर्ण बिलं शेजारी ठेवा, मग बोला. आणि ज्या कामगारांची घरं इथे आहेत त्यांच्यासमोर हा इशारा देताना जरा थांबा.

दुसरं, "फाइल हलवायला" म्हणून वर्गणी काढू नका. कोणी तशी सूचना केली तर कार्यकारिणीच्या सभेत ती लेखी नाकारा. संघटनेच्या प्रत्येक रुपयाची पावती असली पाहिजे. उद्या चौकशी झाली तर उत्तर देणारी व्यक्ती कार्यालयात बसलेली असते, आणि पुढची वीस वर्षं त्याच कार्यालयांच्या पायऱ्या चढायच्या असतात.

आदेश निघाल्यावर

मागणी मान्य झाली, पेढे वाटले, की बहुतेक संघटना फाइल कपाटात ठेवतात. खरं तर ती तेव्हा टेबलावर हवी. सवलत लागू झाल्यानंतरचं पहिलं बिल पाच सभासदांकडून मागवा आणि आदेशातल्या दरानं प्रत्येक रकाना स्वतः मोजा. एका वर्षी पाचातल्या दोन बिलांत सवलत उतरलीच नव्हती, कारण त्या जोडण्यांची वर्गवारी जुनीच राहिली होती. आधी उपविभागात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तिथे नाही सुटलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. दुरुस्त झालेलं बिल हातात आलं, की त्याची झेरॉक्स त्याच फाइलला सगळ्यात वर लावा. पुढच्या प्रस्तावाच्या वेळी तक्ता तिथूनच सुरू होतो.