बोन्साय क्लब काढताय? मग लेक्चर कमी करा आणि कात्र्या काढा

बोन्साय क्लब थाटात सुरू होतात आणि वर्षभरात गुंडाळतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं, आणि कारण बहुतेक एकच असतं. खुर्च्या मांडायच्या, एक जण पुढे उभा राहून बोलणार, बाकीचे फोटो काढणार, मग चहा आणि घरी. असं दोन-तीनदा झालं की लोक म्हणतात, हे तर व्हिडिओवर पण दिसतं की. म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक मीटिंगला प्रत्येकाचे हात मातीत गेलेच पाहिजेत, बाकी सगळं नंतर. पुणे-मुंबई-नाशिककडच्या हवेत हे कसं जमवायचं ते लिहितोय.

सुरुवातीला आठ-दहा जण खूप झाले. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंगचा कोपरा चालतो, जवळ नळ पाहिजे आणि माती सांडली म्हणून ओरडणारं कोणी नको, एवढंच. महिन्याचा एक रविवार ठरवून टाका आणि तो हलवू नका, कोणाचं लग्न असो की मॅच असो, कारण एकदा तारीख हलायला लागली की क्लब संपला समजा. आणि येताना प्रत्येकाने स्वतःचं एक झाड आणायचं. "माझं अजून दाखवण्यासारखं नाहीये हो" हे ऐकून घ्यायचं नाही, नर्सरीतून काल आणलेलं जेडचं रोप पण चालतं, उलट त्यावरच जास्त शिकता येतं.

आता टेबलावरची शिस्त. झाड मधे ठेवायचं, गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघायचं, आधी मालकाने बोलायचं की मला याचं काय करायचंय, मग बाकीच्यांनी. दुसऱ्याच्या झाडाला न विचारता कात्री लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा, कारण प्रत्येक क्लबात एक तरी जाणकार काका असतात जे "ही फांदी इथे काय करतेय" म्हणत कटकन उडवतात आणि मालक पुढच्या महिन्यापासून येत नाही. त्यापेक्षा जी फांदी काढावी असं वाटतं तिच्यावर रुमाल टाकून झाकायची, दोन पावलं मागे जाऊन बघायचं, पटलं तर तिला लाल दोरा बांधायचा. कापायची की नाही ते मालक घरी जाऊन आठवडाभर बघून ठरवेल. काकांना पण सांगितल्याचं समाधान मिळतं.

वायरिंग, म्हणजे फांदीला वायर गुंडाळून हवा तसा आकार देणं, जोडीजोडीने करा, एक जुना एक नवा. नव्या माणसाला थेट झाडावर सोडू नका, जास्वंदीच्या ताज्या डहाळ्या कापून आणा आणि त्यावर हात बसू दे. ॲल्युमिनियमची वायर फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, तिरकी, ४५ अंशात, फांदीला चिकटून पण आवळून नाही. एकाच वायरने जवळच्या दोन फांद्या धरल्या तर ती टिकून राहते, नाहीतर नुसतीच गोल फिरते. आणि पावसाळ्यात नांद्रुक, उंबर वगैरे वडाच्या कुळातली झाडं अशी भराभर वाढतात की काही आठवड्यात वायर सालीत रुतते, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या मीटिंगचं पहिलं काम म्हणजे वायर तपासणं. रुतायला लागली असेल तर उलगडत बसू नका, साल सोलून निघते, कटरने तुकडे तुकडे करून काढा.

मातीचा दिवस मात्र सगळ्यांनी मिळूनच करायचा, एकट्याने करायचं कामच नाही ते. विटांचे तुकडे फोडायचे, दोन चाळण्या लावून साधारण २ ते ५ मिलिमीटरचे खडे ठेवायचे, खालची पूड कुंडीत घालायची नाही कारण तिनेच पाणी तुंबतं. थोडं पाणी शिंपडून चाळा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ वाईट. त्यात कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडं गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. जपानची अकादामा माती सुंदर असते पण महाग पडते, आणि आपल्या वडा-उंबरांना विटेवर काही तक्रार नसते. खर्च वाटून घ्या, पोती वाटून घ्या, उरलेलं क्लबच्या ड्रममधे.

वडा-पिंपळाच्या कुळातल्या झाडांची कुंडी-माती पहिला पाऊस पडला की बदलायला बरी. अडेनियमला मात्र तेव्हा हात लावू नका, ते फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसात, नाहीतर खोड कुजतं.

वटपौर्णिमा तर क्लबसाठी पर्वणीच आहे. एक तर ज्यांच्याकडे कुंडीतला वड आहे त्यांच्याकडे बिल्डिंगमधल्या बायका पूजेला येतातच, "वहिनी, तुमचा वड खाली आणाल का हो, सगळ्यांची सोय होईल" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं, तर आणा, फक्त सूत हलक्या हाताने गुंडाळायला सांगा आणि हळद-कुंकू मातीत जास्त पडू देऊ नका. दुसरं म्हणजे बाजारात त्या दिवशी वडाच्या फांद्या तोडून विकतात, ते मला अजिबात आवडत नाही, पण संध्याकाळी त्या कचऱ्यात जाणारच असतात. तर क्लबने फेरी मारून त्या गोळा कराव्यात. बोटाएवढ्या जाडीच्या, अजून हिरव्या असलेल्या निवडायच्या, घरी येऊन बुडखा पुन्हा तिरका कापायचा, चीक पाण्याने धुवून थांबू द्यायचा, वरची पानं काढून टाकायची आणि वाळू-कोकोपीटमधे खोचून सावलीत ठेवायच्या. सगळ्या लागत नाहीत, पण पावसाळी हवेत वडाच्या बऱ्याच लागतात, आणि पुढच्या वर्षी नव्या मेंबरला द्यायला क्लबकडे फुकटची रोपं तयार.

तसंच जुन्या इमारतींच्या भिंतीत, पाइपामागे उगवलेले पिंपळ-उंबर. मालकाला विचारून, पाडकाम किंवा रंगकाम निघालं की काढा. जंगलातून किंवा टेकडीवरून उपटून आणायचं नाही, क्लबच्या नावावर तर नाहीच नाही.

मे महिना हा खरा कसोटीचा. उथळ कुंडी अर्ध्या दिवसात वाळते आणि लोक नेमके तेव्हाच गावाला जातात. म्हणून एप्रिलमधेच पाणी-ड्यूटीचं टाइमटेबल करा, जवळ राहणाऱ्यांच्या जोड्या, चावी कोणाकडे, कुठल्या झाडाला दोनदा आणि कुठल्या जेडला आठवड्यातून एकदा, हे कागदावर लिहून कुंडीत खोचा. सगळी झाडं हिरव्या जाळीखाली एकत्र ठेवून जायचं. ताटल्यांमधे पाणी साठवून जाऊ नका, डासांच्या अळ्या होतात आणि पालिकेचे लोक डेंग्यूच्या तपासणीला आले की सेक्रेटरी तुम्हालाच शोधतो. मेच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बोन्साय दिन असतो, साबुरो काटो यांच्या स्मरणार्थ, बोन्सायमुळे देशादेशांत मैत्री व्हावी म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस. आपल्याकडे तेव्हा भर उन्हात प्रदर्शन मांडू नका, संध्याकाळी एकमेकांच्या गच्च्या बघत फिरा, शेवटच्या घरी पन्हं आणि भेळ.

प्रदर्शन जानेवारीतच बरं. आदल्या वर्षीच सगळ्यांनी पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन किंवा मुंबईत राणीच्या बागेतलं बघून या, मांडणी कशी असते ते कळतं. मागे साधं एकरंगी कापड, दोन झाडांत भरपूर जागा, कुंडी पुसलेली. शेवाळ पावसाळ्यातच भिंतीवरून खरवडून, वाळवून, चाळून डब्यात ठेवलेलं असेल तर महिनाभर आधी मातीवर भुरभुरा आणि रोज फवारा. पाटीवर झाडाचं मराठी नाव लिहा, वय खात्रीचं असेल तरच लिहा, प्रत्येक झाड पन्नास वर्षांचं नसतं.

आणि टेबलामागे आळीपाळीने दोन जण उभे पाहिजेत, कारण प्रश्न ठरलेले असतात. झाडाला त्रास होतो का? घरात वड ठेवला तर वास्तूला चालतो का? पहिल्याचं उत्तर झाडाची नवी पालवी दाखवून द्या, दुसऱ्यावर वाद घालू नका, हसून सोडून द्या. तिसरा प्रश्न "केवढ्याला?" क्लबची रोपं विकायला वेगळं टेबल लावा आणि ते पैसे क्लबच्या डब्यात, पण मांडलेल्या झाडाचा सौदा तिथे करायचा नाही हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर दुपारपर्यंत मेंबर लोक आपापसातच भाव काढत बसतात.