मकरपुऱ्याच्या मशीनवर टिकेल असं ड्रॉइंग

बडोद्यात कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, शिकायचं ठरलं की पहिली शोधाशोध क्लासची होते. तीन महिन्यांचा घ्यावा की सहा, सर्टिफिकेट कुठलं मिळतं, फी हप्त्याने भरता येते का. क्लास लावा, पण त्याआधी ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा, म्हणजे इतकं बारीक मोजणारा, एक व्हर्निअर कॅलिपर आणि एक पट्टी विकत घ्या. दाराची बिजागरी, सायकलचा क्रँक, पाण्याच्या मोटारीचं फूट-माउंट असं जे हाताशी असेल ते मोजून कागदावर उतरवा. ज्याने कधी होलची खोली मोजलेली नाही, तो ड्रॉइंगवर खोली लिहायलाच विसरतो. हे दरवर्षी नव्या मुलांमध्ये दिसतं, आणि त्याचा सॉफ्टवेअरचा आदेश (कमांड) विसरण्याशी काही संबंध नसतो.

शिकण्याचा क्रम ठरवताना आपल्या शहराच्या आसपास काय बनतं ते बघावं. मकरपुरा, पोर, रणोली, सावली, हालोल या पट्ट्यातलं काम ढोबळमानाने तीन जातींचं आहे. पहिलं पत्र्याचं, म्हणजे स्विचगिअर आणि कंट्रोल पॅनेल. दुसरं फॅब्रिकेशनचं, म्हणजे प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या. तिसरं मशीनिंगचं. पहिल्या दोन्हींत द्विमितीय ऑटोकॅडवर हात बसलेला लागतो. मशीन आणि त्यांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्यांकडे सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर किंवा क्रिओ असतं. एकाच वेळी चार सॉफ्टवेअर शिकू नका. एक द्विमितीय आणि एक त्रिमितीय पुरे. पैशांची ओढाताण असेल तर त्रिमितीयसाठी फ्रीकॅड मोफत आहे आणि स्केच, कन्स्ट्रेंट, असेंब्ली हा विचार त्यातही तोच आहे. ऑटोडेस्कचं विद्यार्थी लायसन्स शिकण्यासाठी आहे, पगारी कामासाठी ते वापरता येत नाही.

पहिला महिना पेन्सिलीचा ठेवा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी सुरू केलेलं कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी शाखेचा भाग आहे. हातकाम आणि रेखांकन एकत्र शिकवण्याची ती रीत या गावची जुनी आहे, ती सोडू नये. भारतात आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतो, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि उजव्या बाजूचा व्ह्यू डाव्या हाताला. अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं आणि तिथे सगळं उलट असतं. टायटल ब्लॉकमधलं छोट्या शंकूचं चिन्ह न बघता काम सुरू केलं, तर असममित ब्रॅकेट आरशातल्यासारखं उलटं बनतं. माप एकही चुकलेलं नसतं आणि जॉब भंगारात जातो.

ऑटोकॅडमध्ये लाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, मिरर, ॲरे हे आठवडाभरात हाताखाली येतात. खरी गडबड एककांत होते. मिलिमीटरमध्ये काढलेली फाइल समोरच्याने इंचात उघडली तर भाग २५.४ पट मोठा दिसतो. ड्रॉइंग नेहमी १:१ काढा, स्केल फक्त लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या पानावर, व्ह्यूपोर्टला (ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीला) द्या. आणखी एक सवय कटाक्षाने टाळा. माप ४९.७ दिसतंय म्हणून डायमेन्शनवर डबल क्लिक करून हाताने ५० लिहायचं नाही. कागदावर ५० दिसेल, पण लेझर कटिंगवाल्याकडे जाणाऱ्या डीएक्सएफ फाइलमध्ये (मशीन वाचतं त्या रेघांच्या फाइलीत) रेघ ४९.७ चीच राहील आणि पत्रा तसाच कापला जाईल. डीएक्सएफ पाठवण्याआधी दुहेरी रेघा काढून टाकणारा ओव्हरकिल आदेश चालवा. एकावर एक पडलेल्या दोन रेघा डोळ्याला एकच दिसतात, मशीन मात्र त्याच जागी दोनदा कापतं आणि कड जळते.

पत्र्याच्या कामात हिशेब नीट समजून घ्यावा लागतो, कारण इथे नवशिक्यांचा सगळ्यात जास्त पत्रा वाया जातो. बाहेरून ५० × ५० मापाचा, २ मिमी पत्र्याचा, ९० अंशांचा एल घ्या. आतली त्रिज्या २ मिमी. सरळ बेरीज केली तर १०० मिमी पत्रा लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पायातून त्रिज्या आणि जाडी मिळून ४ मिमी वजा होतात, म्हणजे सपाट भाग ४६ + ४६. वाकाची लांबी काढायला अंश रेडियनमध्ये घेऊन त्रिज्या + के-फॅक्टर × जाडी याने गुणायचं. के-फॅक्टर म्हणजे वाकताना पत्र्याचा जो थर ताणलाही जात नाही आणि दबतही नाही, तो आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्श्यावर आहे तो आकडा. तो ०.४२ धरला तर १.५७०८ × (२ + ०.८४) = ४.४६. एकूण ९६.४६ मिमी. १०० कापला असता तर साडेतीन मिमी जास्त झाला असता. पॅनेलच्या दारात ते तीन-चार वाकांनी वाढत जातं आणि दार चौकटीत बसतच नाही. के-फॅक्टर पत्रा, पंच आणि डायप्रमाणे बदलतो. म्हणून ज्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) जॉब वाकणार, तिथे आधी एक तुकडा वाकवून मोजा आणि मग त्या मशीनचा आकडा वहीत लिहून ठेवा.

फॅब्रिकेशनमध्ये हीच चूक मोठ्या मापात होते. आतला व्यास १००० मिमी आणि जाडी १० मिमी अशी शेल (व्हेसलचं गोल कवच) रोल करायची असेल, तर प्लेटची लांबी मध्यव्यासावर काढतात. π × १०१० म्हणजे ३१७३ मिमी. आतल्या व्यासावर काढली तर ३१४२ येते आणि शेल ३१ मिमी अपुरी पडते. तेवढी फट वेल्डिंगने भरत नाही. दुसरी फसवी जागा फ्लँजची. नॉझलच्या (व्हेसलला पाइप जोडायच्या तोंडाच्या) फ्लँजचे, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीचे, बोल्ट होल मुख्य मध्यरेषेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर येतात. २ इंची, १५० क्लास (दाबाचा वर्ग) फ्लँजला १२०.७ मिमी पीसीडीवर (होलांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) १९ मिमीचे चार होल असतात. त्यांतला एक सरळ वरच्या मध्यरेषेवर काढला तर व्हेसल साइटवर गेल्यावर पाइपचा फ्लँज ४५ अंशांनी फिरलेला निघतो. तिथे कापून पुन्हा वेल्ड करण्याशिवाय इलाज राहत नाही.

मशीनिंगच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, हा विषय जपून शिका. या फरकाला ठरलेली अक्षर-आकड्यांची नावं आहेत. २५ मिमीच्या होलला एच७ म्हणजे +०.०२१ आणि ० मिमी. त्यात जी६ शाफ्ट -०.००७ ते -०.०२० असते, म्हणजे दोघांत ७ ते ४१ मायक्रॉनची मोकळीक राहते. बेअरिंग-बुशच्या जागी हे हवंच. बोल्ट आरपार जाणाऱ्या होलला एच७ लिहिलं की टर्नर विनाकारण रीमर (होल अचूक मापाला आणायचं हत्यार) शोधत बसतो. एम१० बोल्टला ११ मिमीचा होल पुरतो. एम१० टॅप करायचा, म्हणजे होलात आटे पाडायचे, असतील तर ड्रिल ८.५ मिमी. आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) होलात आटे २० मिमी हवे असतील तर ड्रिल किमान २६ लिहा, कारण टॅपचं टोक पूर्ण आटे पाडत नाही आणि बुरादा खाली साठतो. मापं साखळीने देऊ नका. आयएसओ २७६८-एम या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाप्रमाणे ४० मिमीला ±०.३ चालतं. असे पाच टप्पे एकापुढे एक दिले तर शेवटच्या होलची चूक ±१.५ पर्यंत जाते. एकाच कडेपासून थेट २०० मिमी लिहिलं तर ती ±०.५ मध्ये राहते.

त्रिमितीयमध्ये दोनच गोष्टींवर भर द्या. सॉलिडवर्क्सचं स्केच मापांनी आणि कन्स्ट्रेंटनी पूर्ण बांधलं गेलं की रेघा काळ्या होतात. निळी रेघ उरली असेल तर पुढच्या बदलात ती कुठेही सरकू शकते. दुसरं म्हणजे मटेरियल देणं. ते दिलं नाही तर घनता १००० किलो प्रति घनमीटर धरली जाते. पोलादाची ७८५० असते. ४०० किलोची फ्रेम स्क्रीनवर ५१ किलो दिसते, आणि लिफ्टिंग लग (उचलण्यासाठीची कडी) त्या आकड्यावर ठरवला तर माणसाच्या जिवाशी खेळ होतो. फाइलचं नाव विंडोजमध्ये परस्पर बदललं की असेंब्लीला भाग सापडत नाही. नाव सॉलिडवर्क्सच्या आतूनच बदला, दुसऱ्याला द्यायची तर पॅक अँड गो करा, म्हणजे सगळ्या जोडलेल्या फाइली एकत्र जातात.

नोकरीला जाताना सर्टिफिकेटच्या फाइलीपेक्षा ए३ वर छापलेले तीन संच न्या: पत्र्याचा एक डबा त्याच्या फ्लॅट पॅटर्नसह, एक छोटी टाकी नॉझल तक्ता आणि बिल ऑफ मटेरियलसह, आणि चार-पाच भागांची एक असेंब्ली फिट्ससह (होल-शाफ्टच्या टॉलरन्ससह). दहावीनंतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन्हीकडून इथे काम मिळतं. मुलाखतीत अनेकदा एखादा भाग आणि व्हर्निअर समोर ठेवतात. मोजायला वेळ घ्या, घाईने माउस धरू नका.

काम सुरू झाल्यावर प्रत्येक प्रिंट लाल पेन्सिलीने तपासा. जे माप ताडून पाहिलं त्यावर खूण करा, ज्यावर खूण नाही ते तपासलेलं नाही असं समजा. बदल केला की रिव्हिजनचं अक्षर पुढे न्या, काय बदललं ते तक्त्यात लिहा आणि नवी प्रिंट देताना जुनी मशीनवरून स्वतः जाऊन परत घ्या. ती तिथेच राहिली तर रात्रपाळीचा ऑपरेटर हाताला लागेल तीच उचलेल.